मुखपृष्ठ निळं

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
वोरूच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडून तिसरी खुर्ची माझी.
डावा हात यंत्राचा, चार तास.
उजवा पुस्तकाचा.

जाड पुस्तकं इथे चालत नाहीत,
एका हातात मावत नाहीत, पोटावर ठेवली की मिटतात;
लेइदा त्यांना कपड्यांचे चिमटे लावते.

"काय वाचतेयस?" हा इथला नमस्कार.
तब्येतीचं कोणी विचारत नाही,
ती दिसतेच पडद्यावर, हिरव्या आकड्यांत.

लेइदाला खून लागतात, शक्यतो खेड्यातले,
आणि सूप-चहाची पानं ती गाळते.
आम्हाला पाणी मोजून, दिवसाला तीन पेले.
परवा कुण्या बाईनं पान छप्पन्नवर
लिंबाचं सरबत केलं
तर लेइदानं पुस्तकच भिरकावलं माझ्या मांडीवर:
"घे. चांगलं आहे. छप्पन्न सोडून वाच."

कोपऱ्यातला राउल, अजून मिसरूडही नीट नाही,
ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक वाचतो
आणि शपथेवर सांगतो, शेवट रडवणारा आहे.

हेल्दुर काहीच आणत नाही.
म्हणतो, चष्मा घरी राहिला.
सात महिने चष्मा घरी राहिलाय,
आणि बोलताना तो बघतो
माझ्या जरासं डावीकडे.
पण शिफारस त्याचीच सगळ्यात जोरदार:
"ते वाचलंत का? पेइप्सी तळं गोठलंय,
एक माणूस घोड्याच्या घसरगाडीवरून पियानो नेतोय
पलीकडच्या काठाला, एका बाईकडे,
जिनं तो मागवलेलाच नाही."
नाव? नाव आठवत नाही. मुखपृष्ठ निळं.
लेखक? कुणीतरी मेलेला.

दर खेपेला थोडं पुढचं सांगायचा.
घोडा बिचकला. रात्री एक तार तुटली
आपसूक, थंडीनं;
माणसाला वाटलं, बर्फच तडकला.
तो पालथा पडून कान लावून ऐकत राहिला.
त्रीन, आमची नर्स, सुई काढता काढता थांबली: "मग?"
"मग बुधवारी."

मी चाळीस वर्षं डेअरीत
दुधातलं पाणी शोधलं.
कुठे किती घातलंय, मला वासानं कळतं.
तरी गेले ग्रंथालयात.
विर्वेनं यादी चाळली, जुनी कार्डं काढली,
तळघरात जाऊन आली, गुडघ्यांची धूळ झटकली.
"असं पुस्तक नाही," म्हणाली.
"आणि या महिन्यात विचारणारी तू तिसरी."
पहिली लेइदा.
दुसरा तो ट्रॅक्टरवाला.

शुक्रवारी खुर्चीत बसले. सुई गेली.
लेइदानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्या चिमट्यांकडे.
कोणी चकार शब्द काढला नाही.
हेल्दुरनंच विचारलं, हळूच,
चोरी पकडली गेलेल्या पोरासारखं,
"मिळालं का गं ते?"
"मिळालं," म्हटलं. "तुझ्या पुढे गेलेय मी."

तो गप्प. यंत्रं तेवढी घरघरत होती.
"त्या बाईनं काठावर कंदील लावलाय," मी म्हटलं.
"पियानो मागवला नव्हता ना?
मग वाट कुणाची बघतेय?"
आयुष्यात पहिल्यांदा दुधात पाणी घातलं मी,
आणि हात कापला नाही.

हेल्दुरनं डोळे मिटले. बराच वेळ.
मग म्हणाला, "हो, तो भाग.
तो भाग मी विसरलोच होतो."
कोपऱ्यातून राउल, तोंड ट्रॅक्टरमध्येच:
"घोड्याचं नाव काय होतं, पुन्हा सांगा ना."

त्रीनला आता ते हवंय, तिच्या आईसाठी,
वाढदिवसाच्या आत.
सांगितलंय तिला, रांग आहे,
सध्या लेइदाकडे आहे.
लेइदानं मान डोलावली, पुरावा म्हणून चिमटा दाखवला.

बाहेर एप्रिल. पन्हाळीतून पाणी ठिबकतंय,
आम्ही कोणी तिकडे बघत नाही.
हेल्दुर म्हणतो, तळ्यावरचा बर्फ
अजून वीतभर जाड आहे.